विलायतेत शिकवायला गेलेल्या रमाबाई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तिच्यात प्रत्येकीने काहीतरी लिहावे, असे अध्यक्षाबाईंनी मागच्या सभेत सांगितले. पाककृती, भरतकाम आणि घरगुती औषधे हे विषय इतर भगिनींनी आधीच वाटून घेतले, आणि माझ्या वाट्याला इतिहास आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा देवगिरीचे यादव किंवा मलिक अंबरची नहर यांवर लिहिण्याचा आव मी आणीत नाही. ते काम विद्वानांचे. पंडिता रमाबाईंचे नाव आपल्यापैकी बहुतेकींनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढले, पुढे केडगावला मुक्तिसदन काढले, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण त्याच्या अगोदर जवळजवळ पावणेतीन वर्षे त्या इंग्लंडात होत्या आणि तिथे त्या शिकत होत्या तशा शिकवीतही होत्या, हे फारसे कुणी सांगत नाही. परक्या मुलखात शिकविणाऱ्या बाईचे दिवस कसे जात असतील, ती काय खात असेल, कुणाशी बोलत असेल, लेकराला कुठे ठेवत असेल, असले प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात येत नाहीत. मला मात्र तेच पडतात.

रमाबाईंची सगळी हकीकत सांगत बसत नाही. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले, आणि आईने मुलीला शिकविले. त्या काळी बाईला वेदशास्त्राची भाषा शिकविणे म्हणजे केवढा अपराध! पहाटे घरची कामे लागण्यापूर्वी आई धाकट्या रमेला जवळ घेऊन श्लोक सांगायची आणि पोरगी म्हणायची. पाटी नाही, पुस्तक नाही; सगळे कानाने घ्यायचे आणि तोंडाने परत द्यायचे. अशी हजारो श्लोकांची पुंजी पदरात पडली. पुढे दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीणही गेली. उरलेल्या बहीणभावाने पायी सारा हिंदुस्थान पालथा घातला. झाडाचा पाला आणि पाणी यांवर दिवस काढले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरायला नाही, म्हणून वाळूत खड्डे करून त्यात स्वतःला पुरून घेऊन दोघांनी रात्री काढल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले. दोन वर्षे पुरी व्हायच्या आत पटकीने तेही गेले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी. एवढे सगळे भोगून झाले तेव्हा रमाबाईंना चोविसावे वर्ष पुरे व्हायचे होते.

मग त्या पुण्यास आल्या. १८८२ साली आर्य महिला समाज स्थापन केला. म्हणजे एका अर्थी आपल्या मंडळासारख्या मंडळांची ती आजीच म्हणायची. त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून जे पैसे आले त्यांतून विलायतेच्या आगबोटीचे भाडे भरले. हे मला फार महत्त्वाचे वाटते. कुणी पाठविले म्हणून त्या गेल्या नाहीत. वैद्यकी शिकायची आणि परत येऊन आपल्या बायकांना औषधपाणी करायचे, हा त्यांचा बेत होता.

एप्रिल १८८३ मध्ये त्या मुंबईहून निघाल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची एक सोबतीण. त्या काळचा विचार करा. आपल्या छत्रपती संभाजीनगराला, तेव्हाच्या औरंगाबादेला, आगगाडी आली ती १९०० च्या सुमारास. म्हणजे आपल्याकडच्या बायका बैलगाडीतून माहेरी जात होत्या तेव्हा या दोघी एका लेकरासह सुवेझच्या कालव्यातून समुद्रापार चालल्या होत्या. मे महिन्यात त्या इंग्लंडात पोचल्या आणि वाँटेज नावाच्या लहानशा गावी जोगिणींच्या मठात उतरल्या. या मठाच्या ख्रिस्ती भगिनींची एक शाखा पुण्यास होती, तिथे ओळख झाली होती.

आता राहण्याजेवण्याचा खर्च कसा भागवायचा? फुकटचे खायचे नाही, हे रमाबाईंचे ठरलेले होते. तेव्हा ठराव असा झाला की मठाने त्यांना ठेवून घ्यावे, इंग्रजी शिकवावे, आणि मोबदला म्हणून रमाबाईंनी पुण्याला कामासाठी जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे. तर अशी ही आपली मराठीची बाई-मास्तरीण. विलायतेच्या एका खेड्यात बसून गोऱ्या जोगिणींकडून मराठीचे धडे म्हणून घेत होती!

ते धडे कसे चालत असतील याची मी कामे करता करता कल्पना करते. ‘ळ’ म्हणायला लावले की त्यांची जीभ कशी वळत असेल? ‘आम्ही’ कुठे म्हणायचे आणि ‘आपण’ कुठे, हे त्यांना कसे समजावून दिले असेल? इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. आपल्यात मात्र ‘आम्ही जेवतो’ म्हटले तर समोरची उपाशी राहते आणि ‘आपण जेवू’ म्हटले तर तिचेही पान मांडले जाते. पुढच्या अडीच वर्षांत रमाबाईंचे आणि त्या मठाचे जे काही बिनसले ते सगळे या दोन शब्दांतच होते, असे मला कधीकधी वाटते.

आमच्या आजेसासूबाई निजामाच्या राज्यातल्या शाळेत शिकलेल्या. घरी मराठी आणि शाळेत उर्दू. त्या सांगायच्या, पहिले वर्षभर मास्तर काय बोलतात ते कळतच नसे, इतर मुली हसल्या की आपणही हसायचे. परक्या भाषेत शिकणे कठीण, पण परक्या भाषेत राहून शिकविणे त्याहून कठीण असले पाहिजे. कारण शिकणारीला गप्प बसता येते, शिकविणारीला ती सोय नाही.

त्यातून रमाबाईंचे कान हलके हलके कमी होत चालले होते. या बहिरेपणामुळेच वैद्यकी शिकण्याचा बेत सोडावा लागला. जी विद्या कानाने मिळविली ती घेऊन परदेशी जावे आणि तिथे कानांनीच साथ सोडावी, हा दैवाचा केवढा खेळ! पण त्यांनी त्याचे रडगाणे फार गायिलेले दिसत नाही. वैद्यकी नाही तर शिक्षण, असे म्हणून वाट बदलली.

आता आनंदीबाई भगत यांच्याविषयी लिहायचे आहे. रमाबाईंच्या चरित्रात यांना दोन ओळी मिळतात. मला वाटते, दोन ओळी त्यांच्या वाट्याला फार थोड्या आहेत. इंग्लंडात येऊन काही महिनेच झाले होते. या बाईंच्या मनाने असे घेतले की आपल्याला इथे बळजबरीने बाटविणार. कुणी तसे म्हटले होते असे नव्हे. पण परका गाव, परकी भाषा, काळ्या झग्यातल्या बायका, दिवसातून किती वेळा तरी वाजणारी घंटा, आणि मन मोकळे करायला सबंध गावात एकच माणूस. प्राध्यापक मॅक्स म्युलर यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की एका रात्री आनंदीबाईंनी रमाबाईंचाच गळा दाबून त्यांना या संकटातून सोडविण्याचा प्रयत्न केला, आणि ते साधले नाही तेव्हा स्वतः विष घेऊन प्राण दिला. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला म्युलर यांच्या घरी राहायला गेल्या, तेव्हा त्यांची अशी अवस्था होती की रात्री खोलीत एका मोलकरणीला सोबतीला निजवावे लागे.

झेलमच्या काठी वाळूत निजलेली ही बाई. तिला गादीवर झोप येत नव्हती.

आपल्या गल्लीतली एक मुलगी मागे आखाती देशातल्या एका शाळेत शिक्षिका म्हणून गेली. तेव्हा आपण सगळ्यांनी तिच्या आईला विचारले, पगार किती, घर देणार का, जेवणाचे काय. तिथे तिला बोलायला कोण असेल हे कुणी विचारले नाही. मीही विचारले नव्हते असे नाही, पण ते शेवटी. आनंदीबाईंची हकीकत वाचल्यापासून हा प्रश्न मी आधी विचारते.

या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात खळबळ उडाली, वर्तमानपत्रांनी झोड उठविली. धर्मांतराचा विषय मोठा आहे आणि त्यावर आपल्या मंडळातच चार मते निघतील. कुणाला ते रुचले नाही तर तो तिचा प्रश्न. मला सांगायचे ते निराळेच आहे. ज्यांना वाटले की आता रमाबाई साहेबीण झाल्या, त्यांचाही अंदाज चुकला आणि ज्यांना वाटले की आता त्या आपल्या सांगण्याबाहेर जाणार नाहीत, त्या मठातल्या भगिनींचाही चुकला.

१८८४ साली रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात गेल्या. इंग्लंडातल्या मुलींच्या नामांकित शाळांपैकी ही एक. तिथल्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील या १८५८ सालापासून, म्हणजे रमाबाईंच्या जन्मसालापासून, ती संस्था चालवीत होत्या. इथे रमाबाई गणित, शास्त्र आणि इंग्रजी साहित्य शिकत आणि संस्कृत शिकवीत. सकाळी विद्यार्थिनी आणि दुपारी शिक्षिका म्हणा हवे तर. चेल्टनहॅम हे औषधी पाण्याच्या झऱ्यांचे गाव. हिंदुस्थानात नोकरी करून निवृत्त झालेले गोरे अधिकारी पुष्कळ संख्येने तिथे घरे करून राहत. म्हणजे या गावाला हिंदी बाई अगदीच अपरिचित नव्हती. पण त्यांनी पाहिलेली हिंदी बाई म्हणजे बहुधा त्यांच्या पोरांना खेळविणारी आया. नेसणे मात्र तेच, साडी. विधवेचे कापलेले केस, अंगावर पांढरी साडी आणि हातात संस्कृतचे पुस्तक, अशी बाई त्यांच्या मुलींना शिकविते आहे हे बघून त्या म्हाताऱ्या साहेबांना काय वाटले असेल ते देव जाणे.

साडी त्यांनी सोडली नाही. आणि शाकाहारही सोडला नाही. या शाकाहारावरून जे रामायण झाले ते मोठे वाचण्यासारखे आहे. मठात मनोरमेची आणि रमाबाईंचीही देखभाल करणाऱ्या सिस्टर जेराल्डीन नावाच्या भगिनी होत्या. रमाबाई त्यांना पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. नाते प्रेमाचे होते, पण आजीबाईंना वाटे की ख्रिस्ती झाल्यावर खाण्यापिण्याचे हे विटाळ कशाला? अंडे घातलेले पुडिंगसुद्धा ही बाई खात नाही, म्हणजे ही जातीची घमेंड, हा अहंकार. रमाबाईंनी त्यांना लेखी उत्तर दिले. त्याचा भावार्थ असा की तुम्ही याला जातीचा ग्रह म्हणता तर म्हणा. पण माझ्या वाडवडिलांच्या ज्या चालीरीतींनी कुणाचे वाईट होत नाही त्या मी पाळणार. आणि उलट विचारले की एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात जाऊन राहिली आणि तिने आपल्या चालीरीती बदलल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेले तुम्हाला आवडेल का?

हे वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. ज्या बाईने दुष्काळात पाला खाऊन दिवस काढले ती मानाच्या पंगतीत पुडिंगला नाही म्हणते. उपाशी माणसाला आवडनिवड नसते असे आपण सहज म्हणतो. मला वाटते, उपासमार भोगलेल्या माणसालाच आपण काय खावे हे दुसऱ्याने ठरविलेले सोसत नसावे.

असाच दुसरा एक प्रसंग क्रुसाचा. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी विचारले, लॅटिन का? आमच्या देशातल्या लोकांना ती भाषा कळत नाही. पवित्र आणि जुनी भाषाच हवी असेल तर आमची संस्कृत काय कमी आहे? मला ही बाई इथे अगदी आपल्या पंडित बापाची लेक दिसते. देव बदलला, पण भाषेचा अभिमान अनंतशास्त्र्यांचाच.

आणि तिसरे भांडण खुद्द शिकविण्यावरूनच. रमाबाईंनी मुलींखेरीज पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार पुढे आला, तेव्हा लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकविले तर हिंदुस्थानात तिची अप्रतिष्ठा होईल, असे त्यांचे म्हणणे. गंमत पाहा. ज्या देशाचे लोक आम्हाला ऐकवीत होते की तुम्ही बायकांना कोंडून ठेवता, त्याच देशाचे धर्मगुरू हे म्हणत होते! रमाबाईंनी मे १८८५ मध्ये बील बाईंना पत्र लिहून आपले म्हणणे कळविले. माझ्या आईने पुरुषांना शिकविले, मी पुरुषांच्या भरसभेत व्याख्याने दिली. माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही आणि नवऱ्यानेही घेतली नाही. मग इथल्या लोकांनी का घ्यावी? असा त्याचा आशय. आपल्याला आपली बुद्धी आहे, सदसद्विवेक आहे, आणि त्याप्रमाणेच आपण चालू, हेही त्यांनी त्या दिवसांत आजीबाईंना स्वच्छ कळविले.

बील बाईंचा स्वभाव निराळा दिसतो. त्या वाद घालीत पण वाद घालणारीला उद्धट म्हणत नसत. धर्माविषयीच्या रमाबाईंच्या शंका त्या शांतपणे ऐकून घेत आणि लांबलचक उत्तरे देत. आजीबाईंना आज्ञाधारकपणा हवा होता. मठातल्या त्या, जन्मभर आज्ञा पाळीत आलेल्या. त्यांना वाईट म्हणावे असे मला वाटत नाही. त्यांनी रमाबाईंच्या मुलीला पोटच्या मुलीसारखे सांभाळले. पण ज्याने केले त्याला वाटते की आता याने माझे ऐकावे. ही काही इंग्रजांचीच रीत नव्हे. उपकार करणाऱ्या प्रत्येक घरात, आपल्याही नात्यागोत्यात, ती दिसते.

मनोरमेचा प्रश्न मात्र मला सोपा वाटत नाही. रमाबाई चेल्टनहॅमला आणि तीनचार वर्षांची मुलगी वाँटेजला आजीबाईंकडे. पत्रे जात येत. मुलीला धर्माचे काय शिकवायचे, काय नाही, यावरून मायलेकीच्या मध्ये नव्हे तर माय आणि आजी यांच्या मध्ये झगडा चाले. रमाबाईंनी एकदा लिहिले त्याचा अर्थ असा की माझी मुलगी माझ्या देशातल्या माणसांत त्यांच्यातलीच एक होऊन राहावी, कुणी परकी किंवा त्यांच्याहून वरची होऊन नव्हे. हे वाचून डोळ्यांत पाणी येते हे खरे. पण मी आई आहे म्हणून हेही म्हणते की ते लेकरू रात्री कोणत्या भाषेत रडत असेल? रमाबाईंपुढे दुसरा मार्ग नव्हता, हे मला कळते. शिकायचे तर मूल दूर ठेवायचे, नाहीतर शिकणे सोडायचे. आजही आपल्या शहरात नर्सचा कोर्स करणाऱ्या, परीक्षांची तयारी करणाऱ्या किती मुली लेकरू आईकडे ठेवून येतात. त्यांना आपण दोन्ही बाजूंनी नावे ठेवतो. शिकली तर आई कसली, आणि नाही शिकली तर वेळ फुकट घालविला.

इथे थोडे आपल्या शेजारच्या नगरकडे, आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात तिकडे, वळते. कारण उलट्या दिशेने आलेली एक शिक्षिका तिथे होऊन गेली. सिंथिया फॅरार ही अमेरिकन बाई १८२७ साली अमेरिकन मिशनतर्फे मुंबईत आली. अविवाहित, एकटी. तेव्हा सुवेझचा कालवा नव्हता, आगबोटीचा प्रवास नव्हता. शिडाच्या जहाजातून महिनेच्या महिने यायचे. मोल्सवर्थचा मराठी शब्दकोशही १८३१ साली निघाला, म्हणजे ही बाई मराठी शिकू लागली तेव्हा तोही हाताशी नव्हता. मुंबईत तिने मुलींच्या शाळा चालविल्या. प्रकृती बिघडली म्हणून मध्यंतरी मायदेशी गेली आणि १८३९ साली पुन्हा येऊन नगरला राहिली. तिच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली, हे जोतीरावांनीच सांगून ठेवले आहे. १८४८ ची पुण्याची शाळा त्यातून निघाली. सावित्रीबाईंनी शिकविण्याचे शिक्षण तिच्याकडे घेतले असे सांगतात. १८६२ साली फॅरारबाई नगरलाच वारल्या. चौतीस वर्षे! आपल्या गावाहून एसटीने तीनचार तासांच्या वाटेवर हे सगळे घडले आणि आपण त्या रस्त्याने शिर्डीला आणि पुण्याला जाताना त्यांचे नावही काढीत नाही.

या दोघींची तुलना मी करीत नाही. पण एक फरक डोळ्यांत भरतो. फॅरारबाई आल्या त्या राज्यकर्त्यांच्या रंगाच्या होत्या. त्यांनी आपला झगा, आपले जेवण, आपली प्रार्थना तशीच ठेवली तर कुणाला ते खटकले नाही. ती त्यांची रीत, असे सगळ्यांनी मानले. रमाबाई गेल्या त्या जिंकलेल्या मुलखातून. त्यांनी साडी आणि वरणभात ठेवला तर तो अहंकार ठरला.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई इंग्लंड सोडून अमेरिकेला निघाल्या. त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर होणार होत्या. ११ मार्च १८८६ च्या त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. थोडे दिवस म्हणून गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. लहान मुलांना खेळातून शिकविण्याची बालोद्यानाची पद्धत शिकल्या, गावोगाव व्याख्याने दिली, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. अमेरिकेच्या प्रवासाचे त्यांचे मराठी पुस्तकही आहे, १८८९ चे. वाचनालयात मिळाले तर भगिनींनी जरूर वाचावे. पिसांच्या टोप्या घालण्यासाठी पाखरे मारणाऱ्या तिथल्या बायकांवर त्यांनी चांगलेच कोरडे ओढले आहेत. आपल्याला नेहमी परदेशी लोक आपल्या बायकांविषयी काय म्हणाले ते वाचायला मिळते. इथे आपली बाई त्यांच्या बायकांविषयी बोलते आहे.

हिंदुस्थानात परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन निघाले. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. हा योग मुद्दाम साधला की आपोआप जुळला ते मी सांगत नाही. आनंदीबाई मात्र ते पाहायला उरल्या नव्हत्या. १८८७ सालीच त्या पुण्यास वारल्या. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी, आनंदीबाई कर्वे झाल्या. त्यांचे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र आमच्या घरी आहे. कुणाला हवे असल्यास घेऊन जावे, मात्र परत करावे.

शारदासदनाच्या व्यवस्थेत मला चेल्टनहॅमचे दिवस दिसतात. सदन चालविणारी बाई ख्रिस्ती, पैसा अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांचा. तरी राहणाऱ्या ब्राह्मण विधवांना आपले सोवळेओवळे पाळण्याची, आपल्या रीतीचे जेवण आणि पूजाअर्चा करण्याची मोकळीक ठेवलेली होती. जिला पुडिंगावरून बोलून घ्यावे लागले होते तिने आपल्या स्वयंपाकघरात दुसरीला तसे बोलायची पाळी आणली नाही. १८९३ साली सदनावर धर्मांतराचा आरोप आला, वर्तमानपत्रांत वादळ उठले, पालकांनी मुली काढून नेल्या. तो सगळा इतिहास वेगळा आणि त्यात दोन्ही बाजूंना बोलायला पुष्कळ आहे.

आमच्या मंडळात गेल्या काही वर्षांपासून संक्रांतीच्या तिळगुळाला सगळ्याच भगिनींना बोलावतात, कुंकू लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या. पहिल्या वर्षी दोघीतिघी नाराज होत्या. आता त्याच पुढे होऊन वाणाच्या पिशव्या वाटतात. हे सहज आठवले म्हणून लिहिले.

हे सारे मला कळले कसे, असे कुणी विचारील. रमाबाईंची इंग्लंडातली पत्रे १९७७ साली मुंबईस पुस्तकरूपाने निघाली; राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने ती काढली. पुस्तक इंग्रजी, आणि माझे इंग्रजी दुकानाच्या पाटीपुरते. माझ्या धाकट्या मुलीने रोज संध्याकाळी भाजी निवडताना दोनचार पत्रे वाचून मराठीत अर्थ सांगितला, तेव्हा एका चातुर्मासात ते पुरे झाले. ही पत्रे जपली आणि जुळविली कुणी, तर आजीबाईंनी, सिस्टर जेराल्डीन यांनी. ज्या पत्रांत रमाबाईंनी त्यांना खडे बोल सुनावले होते तीही त्यांनी फाडली नाहीत, एकूण एक ठेवली.

मनोरमा मोठी झाली, आईच्या कामात शिरली आणि पुढे तिने गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे आपण ज्या राज्यात होतो त्याच राज्यात. वाँटेजला वाढलेली ती मुलगी आपल्याच मुलखात येऊन बाई-मास्तरीण झाली. १९२१ साली ती आईच्या आधी गेली, आणि पुढल्याच वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये, रमाबाईही केडगावला वारल्या.